पगार, पाळक आणि प्रभूचे मेज

अमेरिकन मराठी मिशनचे जुने वार्षिक अहवाल चाळताना शेवटच्या पानांवरचे तक्ते ओलांडून जायची सवय बहुतेकांना असते. खरे तर तिथेच थांबायला हवे. डावीकडे मंडळ्यांची नावे, पुढे रकाने: विश्वास कबूल करून आलेले, दुसऱ्या मंडळीचे पत्र घेऊन आलेले, मरण पावलेले, निलंबित, बहिष्कृत, पुन्हा घेतलेले. बहिष्कृतांच्या रकान्यात एखादा आकडा दिसला की मनात येते, हा माणूस कोण असेल, त्याने केले काय, ठरवले कोणी आणि त्यानंतर तो गेला कुठे? मराठी ख्रिस्ती समाजाच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात या प्रश्नांची उत्तरे धर्मशास्त्रात जेवढी सापडतात, त्याहून जास्त पगाराच्या आणि जमिनीच्या कागदांत सापडतात, असे माझे मत आहे.

शास्त्र तसे सरळ आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिला आहे. आधी एकट्याने जाऊन चुकणाऱ्याला सांगा, मग दोघा-तिघांना बरोबर न्या, तरी ऐकले नाही तर मंडळीला कळवा, आणि मंडळीचेही ऐकले नाही तर तो परका समजा. आता ‘मंडळी’ म्हणजे नेमके कोण, यावरून पंथ वेगळे झाले. कॅथलिक आणि अँग्लिकन परंपरेत अधिकार बिशपकडून खाली येतो. प्रेस्बिटेरियनांत तो निवडलेल्या वडिलांच्या सभेकडे असतो, तर काँग्रिगेशनल आणि बाप्टिस्ट लोकांत सगळे सभासद मिळून ठरवतात.

या वादाची धग किती असते हे न्यू इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टन गावाने दाखवले. तिथे सॉलोमन स्टॉडर्ड या पाळकाने वर्षानुवर्षे सभ्य वागणाऱ्या कोणालाही प्रभुभोजनाला येऊ दिले होते. त्यांच्या मागून त्यांचाच नातू जोनाथन एडवर्ड्‌स पाळक झाला. पुढे त्याने अट घातली की मन पालटल्याची साक्ष देईल त्यालाच मेजावर जागा. मंडळीने मत घेतले आणि 1750 मध्ये अमेरिकेतल्या या सर्वांत नामांकित धर्मपंडिताला मोठ्या बहुमताने घरी बसवले. मंडळी पाळकाला काढू शकते, हे ज्या लोकांच्या हाडीमांसी खिळले होते त्यांच्याच नातवंडांनी 1810 मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था स्थापन केली, आणि त्याच बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईच्या बंदरात उतरले.

जॉन विल्सन यांचे स्कॉटिश मिशन 1829 मध्ये मुंबईत आले, ते मात्र वेगळी शिदोरी घेऊन. स्कॉटलंडमध्ये प्रभुभोजनाआधी वडील लोक घरोघर जाऊन चौकशी करत आणि योग्य ठरलेल्या सभासदाला शिशाचा एक छोटा बिल्ला देत. रविवारी तो बिल्ला दिल्याशिवाय मेजाजवळ बसता येत नसे. व्यभिचाराचा दोष आला तर सगळ्या मंडळीसमोर पश्चात्तापाच्या उंच स्टुलावर बसावे लागे. कवी रॉबर्ट बर्न्स यांनाही भर देवळात ही शिक्षा भोगावी लागली.

हे सगळे महाराष्ट्रात आले तेव्हा इथे शिस्तीचे एक घट्ट यंत्र आधीच चालू होते: जात. 1843 मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजून मुलगाच होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही यावरून मुंबईचा ब्राह्मणसमाज दुभंगला. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले, तर सनातनी विरोधात. धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकले म्हणून वारसाहक्क जाऊ नये यासाठी कंपनी सरकारला 1850 चा एकविसावा कायदा करावा लागला, यावरूनच त्या शिक्षेची धार समजते. मंडळीत आलेल्या कित्येकांचे घर, विहीर, सोयरीक सारे सुटलेले असे. अशा माणसाला मंडळीने काढले तर परतायला जात उरलेली नसे. स्कॉटलंडमधल्या त्या स्टुलावरून उतरलेला माणूस निदान स्वतःच्या गावात तरी राहायचा.

खरा गुंता अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, दिसतो. 1831 मध्ये तिथे अमेरिकन मिशनचे ठाणे झाले आणि 1833 मध्ये पहिली मंडळी स्थापन झाली. पाळक मात्र वीस वर्षे गोरा साहेबच. 1854 मध्ये हरिपंत रामचंद्र ख्रिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांची पाळकपदावर दीक्षा झाली. हरिपंतांचे मूळ आडनाव खिस्ती. बाप्तिस्म्याआधीचेच ते आडनाव त्यांना पुढे इतके चपखल बसले की दोन्ही रूपे चालू लागली. दोघेही ब्राह्मण कुळातले, आणि मंडळीत पुढे बहुसंख्य झाले ते महार आणि मांग समाजातले लोक. ब्राह्मण पाळकाच्या हातून भाकर घेऊन सगळ्यांनी एका मेजावर बसायचे, ही त्या काळच्या दख्खनमध्ये साधी गोष्ट नव्हती.

त्याच सुमारास बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन दख्खन पाहायला आले. त्यांचा आग्रह असा की देशी मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, पाळकाला स्वतः पोसावे आणि प्रचारही स्वतःच करावा. त्यासाठी त्यांनी इंग्रजी शाळांना कात्री लावली आणि खेड्याखेड्यांत छोट्या मंडळ्या, त्यांवर देशी पाळक अशी घडी सुचवली. कल्पना दूरदृष्टीची होती यात वाद नाही. पण दुष्काळी मुलखातल्या, वतनाच्या तुकड्यावर जगणाऱ्या सभासदांनी पाळकाचा पगार कुठून द्यायचा? त्यामुळे पगार मिशनच्याच तिजोरीतून येत राहिला. आणि पगार जिथून येतो हुकूमही तिथूनच येतो, मग घटनेत काहीही लिहिलेले असो.

एका खेड्यातल्या मंडळीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. पाळक मिशनच्या पगारावर. शाळामास्तर मिशनचा आणि तोच मंडळीचा डीकन. बायबल वाचून दाखवणारी बाई मिशनची, आणि दोन-तीन मुले मिशनच्या बोर्डिंगात. आता मास्तरने मुलीचे लग्न कोवळ्या वयात लावले, किंवा भावकीच्या आग्रहाने जत्रेत वाजंत्री म्हणून गेला. मंडळीने त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवले तर ती मत्तयाची शिस्त. पण त्याबरोबर त्याची नोकरीही गेली, तर तिला शिस्त म्हणायचे की मालकाचा निर्णय? मास्तरलाही हा फरक करता येत नसे, साहेबालाही येत नसे. पश्चात्तापाचे अश्रू खरे की पगारासाठीचे, हे कोण सांगणार? मिशनरी पत्रव्यवहारात ‘पोटासाठी ख्रिस्ती’ झालेल्यांबद्दल जो संशय सतत डोकावतो, तो या रचनेतूनच जन्मला. दोष मात्र नेहमी पोटाला लागला, रचनेला नाही.

या रचनेशी उघड भांडलेली दोन माणसे आज आपली सर्वांत मोठी नावे आहेत. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला आणि दोन वर्षे होतात न होतात तोच ज्या सिस्टर जेराल्डिन यांना त्या आई मानत त्यांच्याशी त्यांचा पत्रांतून खटका उडाला. बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या मंडळीत घेतला आहे, धर्मगुरूचा प्रत्येक शब्द मान्य करण्याचा करार केलेला नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्रैक्यासारख्या सिद्धांतांवरही त्यांनी प्रश्न विचारले. मिशनऱ्यांना तो अहंकार वाटला. 1977 मध्ये हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. तो वाचताना जाणवते की चर्चच्या शिस्तीवर मराठी बाईने लिहिलेले इतके स्वच्छ टिपण दुसरे नाही. पुढे केडगावच्या मुक्ति मिशनला त्यांनी कुठल्याच पंथाच्या दावणीला बांधले नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे प्रकरण याहून सूचक आहे. 1895 मध्ये बाप्तिस्मा, 1904 मध्ये पाळकपदाची दीक्षा, आयुष्याची उमेदीची वर्षे अमेरिकन मिशनच्या कामात. आणि 1917 मध्ये, साताऱ्यात असताना, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. या दरबारात ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही येऊ शके, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. सभासदत्वाची जी वेस नॉर्थॅम्प्टनपासून नगरपर्यंत राखली गेली होती ती टिळकांनी एका फटक्यात पाडली. 1919 च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले आणि दरबार उभा राहण्याआधीच विस्कटला. वेस पाडल्यावर मंडळी टिकते कशी, याचे उत्तर त्यामुळे अनुभवातून मिळालेच नाही. माझ्या मते पगार सोडणे आणि वेस पाडणे या दोन गोष्टी त्यांनी एकाच वेळी केल्या हा योगायोग नव्हता.

कॅथलिक गोव्यात दुखणे वेगळे होते, पगाराचे नव्हे तर अधिकारपदाचे. दिवाडी बेटावरचे मातेउश द कास्त्रो 1637 मध्ये रोममध्ये बिशप झाले, पण गोव्याच्या पोर्तुगीज धर्मसत्तेने त्यांना मानलेच नाही. दीडशे वर्षांनी, 1787 मध्ये, पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या पिंटोंच्या कटात गोव्याचे धर्मगुरू सापडले, त्यामागेही वरच्या जागा देशी माणसाला नाकारल्या जाण्याची सल होती.

स्वातंत्र्यानंतर मिशनरी हळूहळू परतले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. नगरच्या काँग्रिगेशनल परंपरेला बिशप मिळाला, अँग्लिकनांना पाळकीय कमिटीची निवडणूक मिळाली, आणि बालबाप्तिस्मा व प्रौढ बाप्तिस्मा दोन्ही ग्राह्य धरले गेले. तडजोड म्हणून ही कामगिरी मोठी आहे. मिशनच्या तिजोरीची जागा मात्र आता जमिनीने घेतली. शहराच्या मध्यवस्तीतले बंगले, शाळा, दवाखाने, दफनभूमीलगतचे प्लॉट. साहजिकच पाळकीय कमिटीच्या निवडणुकीआधीची मतदार यादी हा मंडळीतला सर्वांत बारकाईने वाचला जाणारा कागद झाला. अमक्याची वर्गणी थकली आहे, तमक्याने बदलीचे पत्र आणलेले नाही, हे एरवी वर्षभर कोणाला आठवत नाही, यादी लागण्याच्या आठवड्यात सगळ्यांना आठवते. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्यावर आज कुठल्या मंडळीत कारवाई झाल्याचे क्वचितच ऐकू येते. नाव कापले जाते ते विरोधी गटाचे.

भांडण पुढे धर्मादाय आयुक्तांकडे, तिथून कोर्टात जाते. या एकीकरणात आलेल्या, गुजरातमधल्या ब्रदरन चर्चचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2013 मध्ये न्यायालयाने सांगितले की विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून जुन्या ट्रस्टची मिळकत आपोआप चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची होत नाही, त्यासाठी सार्वजनिक विश्वस्त कायद्याची वाट चालावी लागते. चाळीस वर्षांपूर्वीची प्रार्थना आणि हस्तांदोलने एका बाजूला, ट्रस्टची नोंदवही दुसऱ्या बाजूला. जड ठरली ती नोंदवही.

या कटकटींना कंटाळून कित्येक तरुण कुटुंबे भाड्याच्या हॉलमधल्या स्वतंत्र मंडळ्यांत जातात. तिथे गाणे चांगले, प्रार्थना मनापासून, मतदार यादी नाही. पण अनेक ठिकाणी वडीलही नाहीत आणि हिशेबही नाही. पाळक, खजिनदार आणि न्यायाधीश एकच माणूस. दशांश कोणाच्या खात्यावर जातो हे विचारणारा सभासद ‘बंडखोर’ ठरतो, आणि त्याच्यासाठी वर अपील नसते. जुन्या मंडळीत निदान बिशपला पत्र तरी लिहिता येते.

शिस्तीचे एक हत्यार मात्र अजून धारदार आहे. ते म्हणजे मातीला नकार. वर्षानुवर्षे न फिरकलेल्या, मंडळीबाहेर लग्न केलेल्या किंवा गटबाजीत दुरावलेल्या माणसाच्या घरी मृत्यू झाला की फोन पाळकाला जातो, आणि दफनभूमीची किल्ली कमिटीकडे असते. रजिस्टर उघडले जाते, थकबाकी मोजली जाते, घरातले लोक व्हरांड्यात उभे असतात. बहुतेक पाळक अशा वेळी शहाणपणाने वागतात, पण सगळेच नाही.

वाळीत टाकण्याविरुद्ध मुंबई सरकारने 1949 मध्येच कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. धर्माच्या कारणावरून बहिष्कृत करणे हा पंथाचा घटनात्मक अधिकार आहे, असे बहुमताचे म्हणणे पडले. महाराष्ट्राच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. तो प्रामुख्याने जातपंचायतींना डोळ्यांपुढे ठेवून आला, तरी त्याची भाषा कुठल्याही समाजाला लागू पडेल अशी आहे. 1962 चा निकाल आजही योग्य आहे का, हा प्रश्न 2023 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला. तो खटला बोहरांचा म्हणून आपल्या सिनडांत त्यावर फारशी चर्चा होत नाही. प्रभुभोजन नाकारणे ही धर्माची बाब आणि माती नाकारणे हा बहिष्कार, अशी रेघ न्यायालयाने ओढली, तर पाळकीय कमिट्यांना आपापल्या घटना कपाटातून काढून त्यातले शिस्तीचे कलम पहिल्यांदाच नीट वाचावे लागेल.