बट्टा न लागणारा रुपया

शेरशहा सूरीने सोळाव्या शतकात चांदीचा रुपया पाडला, हे शाळेतच कळते. पण सगळीकडे सारख्याच किमतीला चालणारा रुपया यायला त्यानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षे लागली. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे कितीतरी रुपये बाजारात फिरत. नाणे झिजलेले किंवा परक्या टांकसाळीचे निघाले की सराफ बट्टा कापून घेई. रुपयाच्या इतिहासातली मोठी घटना चांदी जाऊन कागद आला ही नव्हे, हा बट्टा सुटत गेला ही आहे.

सराफाची बाजू अगदीच लंगडी नव्हती. झिजलेल्या नाण्यात चांदी कमी असे आणि ती पारखायला कसब लागे. पण धान्य एका रुपयात विकून सारा दुसऱ्या रुपयात भरणाऱ्या कुणब्याकडे ते कसब कुठून असणार? फरक त्याच्याच माथी बसे. कंपनी सरकारने १८३५ मध्ये १८० ग्रेन वजनाचा, १६५ ग्रेन शुद्ध चांदीचा एकच रुपया ठरवला, तोही रयतेच्या कळवळ्यापेक्षा स्वतःच्या हिशेबाच्या सोयीसाठी. एवढ्याने बट्टा संपला नाही. १८६१ च्या कायद्याने आलेल्या सरकारी नोटा विभागवार होत्या. मुंबई विभागाची नोट कलकत्त्यात कायदेशीर चलन नव्हती. कागद झिजला म्हणून नव्हे, तो दूरचा म्हणून त्याची किंमत घटे! शंभराची नोट देशभर चालू लागली ती १९११ मध्ये.

किंमत धातूचीच असते, शिक्क्याची नव्हे, असा आक्षेप येईल. पण १८९३ मध्ये टांकसाळी खासगी चांदीला बंद झाल्या आणि रुपया आपल्यातल्या चांदीहून महाग झाला, तरी व्यवहार अडला नाही. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आली, १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला. जुने रुपये लोकांनी दडवले हे खरे. बाजारहाट मात्र नव्यानेच झाला.

बँका फाटकी नोट नियमाने बदलून देतात, तरी बाजारात ती बट्ट्याने घेणारे आहेतच. दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेला २०१८ मध्ये जाहीर करावे लागले. बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. फुकट काहीच नसते, खर्च बँका आणि सरकारी तिजोरी सोसतात, हा मुद्दा रास्त आहे. तो कोणी सोसावा यावर खुशाल वाद व्हावा. पण दर देण्यामागे दुकानदाराकडून कापून घेणे हा त्यावरचा उपाय मला पटत नाही. तुटपुंज्या नफ्यावर चालणाऱ्या चहाच्या टपरीला रोखीचे दहा रुपये आणि फोनवरचे दहा रुपये पुन्हा वेगळे मोजावे लागतील.