आढाव्यांतून सुटलेला गळा

दिवाळी अंकात मराठी संगीताचा आढावा आला की नाट्यसंगीत, भावगीत, लावणी, चित्रपटगीत अशी गाडी ठरल्या स्टेशनांवर थांबत जाते. रॉक गायक नंदू भेंडे हे नाव तिच्या टाइमटेबलातच नाही. ‘रॉक आपल्या मातीतला नाही,’ असं आमच्या नागपुरातले काही जाणकार आजही ऐकवतात. पेटी न् व्हायोलिन कोणत्या वावरात पिकले होते बुवा?

आत्माराम आणि आशा भेंडे यांची ओळख मराठी वाचकाला करून द्यायला नको. बबन प्रभूंच्या फार्सांचे हशे ज्या घराने ऐकले, त्या घरातला मुलगा नंदू इंग्रजी रॉक गायला लागला. सत्तरच्या दशकातल्या मुंबईत ‘व्हेल्व्हेट फॉग’ या बँडने त्याला नाव दिलं, आणि १९७४ साली अॅलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्याला जुडास केलं. ही भूमिका गोड गळ्याची नव्हे. वरच्या पट्टीत ओरडायचं, तरी सूर सोडायचा नाही. शिवाय नाटक उघडतं ते याच विश्वासघातक्याच्या गाण्याने. महालात बडकस चौकामागच्या एका वाड्यात आम्ही मित्र या ऑपेराची मूळ विलायती तबकडी ऐकत बसायचो, तेव्हा मित्राची आजी आतून विचारायची, ‘काहून रडून राह्यला रे तो?’ आजीचा कान चोख होता. जुडास रडतच असतो.

माझा जीव मात्र ‘तीन पैशाचा तमाशा’त अडकलेला आहे. ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचं १९२८चं नाटक पु. लं.नी मराठीत आणलं. जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने ते १९७८ साली रंगमंचावर उभं केलं. संगीतात तिघे : भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे. शिवाय नंदू स्वतः त्यात काम करायचा, गायचा. नाट्यपदाच्या वळणाची चाल, तमाशाचा ठेका आणि पाश्चात्त्य पॉप एकाच प्रयोगात नांदत होते. तेव्हा काही समीक्षकांनी याला खिचडी म्हटलं. म्हणोत. वाइलने तरी बर्लिनमध्ये काय केलं होतं? कॅबरे, जॅझ आणि ऑपेरा एकत्रच शिजवले होते. आपल्या संगीत नाटकानेही पारशी रंगभूमीपासून कर्नाटकी चालींपर्यंत हाती लागेल ते उचललंच. नंदूचा रॉक त्याच वाटेने आत आला, अन् मराठी शब्द त्याच्या गळ्यात कुठे अवघडले नाहीत. मराठी रॉकचा आरंभ कुठे, असं मला कोणी विचारलं तर मी या प्रयोगाकडे बोट दाखवतो.

चीनमध्ये त्स्वेई ज्यानने पुढच्या दशकात असंच केलं. बीजिंगच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवणारा हा कोरियन वंशाचा तरुण. १९८६ साली वर्कर्स जिम्नॅशियममध्ये एक गाणं गायला आणि पिढीचा आवाज झाला. त्याने गिटारीशेजारी सुओना बसवली. ती आपल्या सनईच्याच गोतातली. १९८९ साली तो तिआनआनमेन चौकात विद्यार्थ्यांसमोर गायला. पुढच्या वर्षी त्याचा दौरा सरकारने मध्येच थांबवला. सरकार घाबरलं, म्हणजे गाणं पोचलं होतं. नंदूला कोणी थांबवलं नाही. आपण नुसतं दुसरीकडे पाहिलं.

पुढचं भरभर सांगतो. १९८२च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये बप्पी लाहिरींकडे ‘कृष्णा धरती पे आजा तू’, मग दूरदर्शनच्या काळात मालिकांमागून मालिकांचं संगीत. पोट भरणारं काम, त्याला नावं ठेवत नाही. पण तेवढ्या वर्षांत मराठीतला एक तरी स्वतंत्र रॉक संग्रह कोणी त्याच्याकडून करून घेतला असता, तर आज मला हा लेख भांडत लिहावा लागला नसता. ११ एप्रिल २०१४ला नंदू गेला. पुढच्याच फेब्रुवारीत आत्मारामही गेले.

आता आमच्याकडे कराओकेचा सुकाळ आहे. तयार ट्रॅक लावायचा, मोबाइलवर शब्द वाचायचे, टाळ्या घ्यायच्या. त्स्वेई ज्यानने २००२ साली ओठ हलवून गाण्याचा आव आणणाऱ्यांविरुद्ध मोहीमच काढली होती. इथे तशी काढली तर अर्धे मंच ओस पडतील.

वाचकांना एकच विनंती. ‘तीन पैशाचा तमाशा’च्या प्रयोगांचं ध्वनिमुद्रण कोणाच्या माळ्यावर कॅसेटींत पडलं असेल, तर पट्टीला बुरशी चढण्याआधी त्याची डिजिटल प्रत करून घ्या आणि एखाद्या ग्रंथालयाला द्या.