प्लास्टिकचं तेल करणारा झिओलाइट ‘थकतो’ का?

‘प्लास्टिक टाका, पेट्रोल काढा’ असे व्हिडिओ तुम्ही नक्की पाहिले असतील. कल्पना खोटी नाही. पुण्याच्या मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांच्या ‘रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्युशन्स’ने जेजुरीत प्लास्टिकपासून इंधन बनवून दाखवलंय. पण अशा व्हिडिओंत एक गोष्ट सहसा येत नाही. या कामात वापरला जाणारा कॅटॅलिस्ट, म्हणजे उत्प्रेरक, हळूहळू निकामी होतो. आणि तो किती टिकणार, हे बऱ्याच अंशी आपण कचऱ्यात काय टाकतो त्यावर ठरतं.

पायरोलिसिस म्हणजे काय?

प्लास्टिक ऑक्सिजनशिवाय साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं. हवा नसल्यामुळे ते जळत नाही, त्याच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या तुटतात. दुधाच्या पिशवीतलं पॉलिथिन नुसतं तापवलं, तर बराचसा भाग मेणासारखा घट्ट निघतो. झिओलाइट वापरला की साखळ्या आणखी बारीक तुटतात आणि पेट्रोलच्या जवळचं पातळ तेल आणि गॅस मिळतो.

झिओलाइट कुठून आला?

झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा जाळीदार स्फटिक. १७५६ मध्ये स्वीडनच्या ॲक्सेल क्रोनस्टेड यांनी असा दगड तापवला, तेव्हा त्यातून वाफ निघाली. म्हणून नाव पडलं ‘उकळणारा दगड’. लोणावळ्याला हा दगड नवा नाही. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात रेल्वेसाठी कातळ फोडताना स्टिलबाइट, स्कोलेसाइट अशा झिओलाइटांचे सुंदर स्फटिक सापडले होते.

या कामासाठी मात्र बहुतेक वेळा कृत्रिम झिओलाइट वापरतात. मोबिल कंपनीने तयार केलेला झेडएसएम-५ त्यातला प्रसिद्ध. त्याची छिद्रं जेमतेम ०.५५ नॅनोमीटरची. जाळीत जिथे ॲल्युमिनियम असतं, तिथे आम्लधर्मी जागा तयार होतात. साखळ्या तुटतात त्या या जागांवर.

मग बिघडतं काय?

*कोक साचतो.* तुटलेले काही तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटून काजळीसारखा कार्बन बनतो. तो छिद्रांची तोंडं बुजवतो आणि आम्लधर्मी जागा झाकतो. झेडएसएम-५ ची छिद्रं अरुंद असल्यामुळे आत मोठे कोकचे रेणू बनायला जागाच नसते. त्यामुळे रुंद छिद्रांच्या वाय झिओलाइटपेक्षा तो जास्त टिकतो. यावर उपाय आहे: गरम हवेत कोक जाळून टाकायचा. फोनची कॅशे क्लिअर करण्यासारखंच.

*सांगाडा मोडतो.* हा बिघाड कायमचा. पीव्हीसीच्या वजनात जवळपास ५७ टक्के क्लोरीन असतं. पीव्हीसी तापलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो. हा वायू आणि कोक जाळताना तयार होणारी गरम वाफ, दोन्ही जाळीतलं ॲल्युमिनियम बाहेर ओढतात. ॲल्युमिनियम गेलं की काम करणारी जागाही गेली. इथे कॅशे क्लिअर करून उपयोग नाही, कारण मदरबोर्डच गेलेला असतो.

*विष भिनतं.* नायलॉनमधल्या नायट्रोजनची संयुगं आम्लधर्मी जागांना चिकटून बसतात. खाद्यपदार्थांच्या मिठातलं सोडियम कॅटॅलिस्टपर्यंत पोचलं, तर तेही त्या जागा निकामी करतं.

भुशी डॅमला जाताना हे आठवा

पावसाळ्यातल्या वीकेंडनंतर लोणावळ्यात काय उरतं? पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची खारट पाकिटं, चिक्कीची वेष्टनं आणि फाटलेले स्वस्त रेनकोट. यातले बरेच रेनकोट पीव्हीसीचे असतात. हे सगळं एकाच पिशवीत कोंबलं, तर वरचे तिन्ही शत्रू एकदम आत जातात. म्हणून प्रकल्पात आधी पीव्हीसी वेगळं काढावं लागतं, किंवा सुमारे ३०० अंशांवर तापवून त्यातलं क्लोरीन आधीच घालवावं लागतं. दोन्हींत खर्च वाढतो.

त्यामुळे पुढच्या वेळी असा व्हिडिओ दिसला, तर कमेंटमध्ये दोन प्रश्न विचारा: कॅटॅलिस्ट किती वेळा बदलावा लागतो? पीव्हीसी कोण आणि कसं वेगळं करतं? उत्तर मिळालं नाही, तर ‘कचऱ्यातून फुकट पेट्रोल’ हे वाक्य फॉरवर्ड करू नका. आणि रेनकोट फाटला तर तो बाटल्यांच्या पिशवीत टाकू नका, वेगळा ठेवा.