उपाहारगृहांची तपासणी आणि वैद्याचे कर्तव्य

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानाचा प्रारंभ अन्नपानरक्षणाने होतो. राजाची पाकशाळा प्रशस्त, हवेशीर व शुचि असावी, सेवकांचे केस-नखे कापलेली असावीत आणि तेथे वैद्याची नियुक्ती असावी, असा त्या अध्यायाचा आशय आहे. आज ही देखरेख शासकीय अधिकारी करतात. ती कशी चालते आणि तिच्यात आपले स्थान कोणते, याचा विचार येथे करू.

महाराष्ट्रात उपाहारगृहांवर दोन यंत्रणांचे लक्ष असते. महापालिकेचा आरोग्य विभाग जागेची व परिसराची स्वच्छता पाहतो. अन्नाच्या सुरक्षिततेची जबाबदारी अन्न व औषध प्रशासनाची आहे. १९५४ च्या अन्न भेसळ प्रतिबंधक कायद्याच्या जागी ५ ऑगस्ट २०११ पासून अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ ची पूर्ण अंमलबजावणी सुरू झाली.

अन्न सुरक्षा अधिकारी प्रथम परवाना पाहतो. त्यानंतर पाण्याचा तपासणी अहवाल, कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी व कीडनियंत्रणाच्या नोंदी तपासल्या जातात. कच्चे व शिजलेले अन्न वेगळे ठेवले आहे काय, शीतपेटीचे तापमान ५ अंशांच्या आत आहे काय, हेही पाहिले जाते. तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक असल्यास ते तेल वापरता येत नाही.

नमुना घ्यावयाचा असल्यास अधिकारी लेखी सूचना देतो, किंमत चुकती करतो आणि नमुन्याचे चार भाग करून मोहोरबंद करतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे सुरक्षित राहतात. चौथा भाग व्यावसायिकाने मागणी केल्यास त्याच्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासला जातो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. स्वच्छतेच्या त्रुटींसाठी आधी सुधारणा नोटीस निघते. तिचे पालन न झाल्यास परवाना निलंबित होऊ शकतो. आरोग्यास तात्काळ धोका असल्यास न्यायालयीन निकालाची वाट न पाहता व्यवसाय थांबविण्याची तरतूद आहे.

या व्यवस्थेची खरी अडचण वेळेची आहे. दुपारी उरलेला भात रात्री टाकून दिला जातो. दुसऱ्या दिवशी आलेल्या अधिकाऱ्यास धुतलेली भांडी दिसतात. शिजवून बराच काळ उघड्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे वांतिकारक विष निर्माण होऊ शकते. भात पुन्हा गरम केल्याने ते नष्ट होत नाही आणि वासावरून ओळखूही येत नाही. असा रुग्ण अर्ध्या ते सहा तासांत ओकारी घेऊन आपल्याच दारी येतो. आपण 'अजीर्ण' अशी नोंद करून लंघन सांगतो, औषध देतो. रुग्ण बरा होतो. परंतु त्याच पातेल्यातील भात इतरांनीही खाल्लेला असतो.

म्हणून आपल्या प्रश्नपरीक्षेत तीन प्रश्न अवश्य असावेत : काय खाल्ले, कोठे खाल्ले, आणि खाल्ल्यावर किती वेळाने त्रास झाला? एकाच ठिकाणी जेवलेले दोन-तीन रुग्ण आढळल्यास त्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनास व स्थानिक आरोग्य विभागास कळवावे. अधिनियमाच्या कलम ३५ नुसार अधिसूचित क्षेत्रातील नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकांवर अन्नविषबाधा कळविण्याचे बंधन घालता येते. परंतु अधिसूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही. कळविताना निष्कर्ष सांगू नये, नोंदी सांगाव्यात. दोष ठरविणे हे प्रयोगशाळेचे काम आहे.

औषधालयचालकांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मध, तूप किंवा २०२२ च्या विनियमांखालील 'आयुर्वेद आहार' उत्पादने विकणारे आपले दुकान याच अधिनियमाखाली येते आणि नमुन्याची हीच पद्धत तेथे लागू होते. खरेदीचे बिल कायद्याने हमीपत्रासमान मानले जाते, म्हणून प्रत्येक बिल जपून ठेवावे. सूचनापत्र वाचूनच स्वाक्षरी करावी आणि चौथ्या भागाचा अधिकार विसरू नये.

पाकशाळेतील वैद्याची जागा आज शासनाने घेतली असली, तरी रुग्णाची पहिली हकीकत अजूनही आपल्याच कानी पडते. ती वेळेवर पुढे पोहोचविणे हेही अन्नपानरक्षणच होय.