खोकला कापसाचाच असतो का?

मुलांनो, भिवंडीत राहणाऱ्याला यंत्रमाग माहीत नाही, असे सहसा होत नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घराशेजारी माग चालतात. तो खडखडाट ऐकतच तुम्ही झोपता. एखाद्या रात्री वीज गेली आणि माग थांबले, तर उलट त्या शांततेनेच जाग येते.

काही वर्षांपूर्वी मी आठवीच्या वर्गात विचारले, "मागावरचा उभा धागा तुटला, तर कामगार काय करतो?" एरवी मराठीच्या तासाला तोंड न उघडणारा एक मुलगा चटकन उभा राहिला. तो म्हणाला, "सर, माग थांबवतो आणि गाठ मारतो. नाही थांबवला, तर कापडावर लांब रेघ येते. मग शेठ पैसे कापतो." इतके लांब उत्तर त्याने मराठीत पहिल्यांदाच दिले होते.

पुढच्या महिन्यात हा मुलगा शाळेत येईनासा झाला. चौकशी केली तेव्हा कळले, की तो सकाळी कांड्या भरायला जातो. त्याच्या अब्बांना पूर्ण पाळी उभे राहणे जमत नव्हते. एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. लहानशी खोली, त्यात सहा माणसे, आणि खिडकी एकच. अब्बा भिंतीला टेकून बसले होते. बोलता बोलता त्यांना खोकल्याची उबळ आली आणि बराच वेळ थांबली नाही.

"किती दिवसांपासून आहे?" मी विचारले.

"तीन महिने झाले असतील. कापूस जातो ना छातीत! आमच्या धंद्यात हे चालायचेच, सर."

मुलांनो, हे वाक्य नीट लक्षात घ्या. दुसऱ्या गावात एखादा माणूस महिनाभर खोकत राहिला, तर घरचे विचारतात, "असे का होते आहे?" आपल्या गावात कोणी विचारत नाही, कारण उत्तर आधीच तयार असते. कापूस! खोकला आला, कापूस. छाती भरून आली, कापूस. माणूस वाळत चालला, तरी कापूसच. उत्तर तयार असले, की प्रश्न विचारायचा राहून जातो.

कापसाच्या धुळीने त्रास होतो, हे काही खोटे नाही. सूतगिरण्यांमध्ये, जिथे कापूस पिंजतात आणि सूत कातले जाते, तिथल्या कामगारांना या धुळीमुळे छातीचा एक वेगळा आजारही होतो. त्याची खूण मोठी चमत्कारिक आहे. सुट्टीनंतर माणूस कामावर गेला, की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते आणि पुढच्या दिवसांत त्रास कमी होत जातो. म्हणजे धूळ निर्दोष नाही. पण धुळीने खोकला येतो म्हणून प्रत्येक खोकला धुळीचाच असतो, असे म्हणता येत नाही. खोकल्याच्या आवाजावरून धूळ कोणती आणि क्षयरोग कोणता, हे मोठ्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्यासाठी तपासणीच करावी लागते.

क्षयरोग म्हणजेच टीबी. या रोगाचे जंतू इतके बारीक असतात, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, शिंकतो किंवा मोठ्याने बोलतो, तेव्हा ते जंतू हवेत मिसळतात. बंद खोलीत ते बराच वेळ हवेत राहतात आणि श्वासाबरोबर दुसऱ्याच्या छातीत जातात. एकाच ताटात जेवल्याने किंवा हात मिळवल्याने हा रोग होत नाही. घरोघरी रुग्णाची थाळी आणि पेला मात्र वेगळा ठेवतात, आणि खिडकी बंदच राहते! खरे तर थाळी वेगळी नसली तरी चालेल. खिडकी उघडायला हवी. उपचार न घेणारा एक रुग्ण वर्षभरात दहा ते पंधरा जणांना जंतू देऊ शकतो, असे सांगितले जाते. भिवंडीत एकेका खोलीत कामगार पाळीपाळीने झोपतात. दिवसपाळीचा उठला, की रात्रपाळीचा आडवा होतो. तिथे काय होत असेल, याचा तुम्हीच विचार करा.

शरीर मात्र आधीच सूचना देत असते. दोन आठवड्यांहून जास्त दिवस टिकणारा खोकला ही पहिली सूचना. पूर्वी आरोग्य खात्याच्या फलकांवर तीन आठवडे लिहिलेले असे. आता दोनच धरतात. संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, भूक मंदावणे आणि वजन घटणे, याही सूचनाच आहेत. बेडक्यात रक्त दिसले, तर दोन आठवडेसुद्धा थांबायचे नसते. मुलांमध्ये कधीकधी खोकला नसतोच. मूल खेळेनासे होते, त्याचे वजन वाढत नाही किंवा मानेला गाठी येतात.

त्या घरात मी हे सारे सांगितले. अब्बांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एक हिशेब मांडला. दवाखान्यात दिवस गेला, तर त्या दिवसाची मजुरी जाते. त्यांच्या जागी बदली कामगार मागावर उभा राहतो. तो दुसऱ्या दिवशी जागा सोडेलच, असे नाही. मला यावर पटकन उत्तर सुचले नाही. बाहेरून आलेल्या माणसाला "आधी तब्येत, मग काम" असे म्हणणे सोपे असते. उत्तर दिले ते अम्मींनी. त्यांनी खिडकीकडे बोट दाखवले. तिथे खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या होत्या. मी मोजल्या, नऊ होत्या. "यांचे पैसे कुठून आले?" एवढेच त्या म्हणाल्या.

खोकल्याच्या औषधाने घसा थोडा वेळ शांत होतो. छातीतले जंतू त्याने मरत नाहीत. बाटली संपेपर्यंत आठवडा निघून जातो, आणि बरे वाटेल या आशेने आपण दुसरी आणतो.

मग अब्बांनी मनातली दुसरी भीती बोलून दाखवली. "टीबी निघाला तर शिवडीला पाठवतील." मुंबईत शिवडीला क्षयरोगाचे मोठे रुग्णालय आहे. आपल्याकडे जुन्या माणसांना ते नाव ऐकूनच धडकी भरते. पूर्वी या रोगाच्या माणसाला घरापासून दूर, आरोग्यधामात महिनोन्महिने ठेवीत. पण १९५६ साली मद्रासमध्ये एक केंद्र सुरू झाले आणि तिथे एक साधा प्रश्न तपासला गेला. गरीब वस्तीत, स्वतःच्या घरी राहून औषध घेणारा रुग्ण आणि आरोग्यधामात राहणारा रुग्ण, यांत बरे कोण होते? १९५९ साली उत्तर आले. दोघेही जवळजवळ सारखेच बरे होतात, आणि घरी उपचार घेतल्याने कुटुंबाचा धोकाही वाढत नाही. त्यानंतर जगभर क्षयरोगाचा उपचार घरी राहून होऊ लागला. आज बहुतेक रुग्ण आपल्या घरीच बरे होतात. शिवडीला जावे लागते ते ज्यांचा आजार फार अवघड झाला आहे, अशा काहींनाच.

इथे मला आपल्या शेजारच्या कल्याणची एक मुलगी आठवते. ३१ मार्च १८६५ रोजी तिचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना; लग्नानंतर ती आनंदीबाई जोशी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. योग्य उपचार न मिळाल्यामुळे तो दहा दिवसांतच गेला. आपण स्वतः डॉक्टर व्हायचे, असे तिने ठरवले. १८८३ साली ती जहाजाने अमेरिकेला गेली आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन परतली. कोल्हापूरच्या रुग्णालयात तिची नेमणूकही झाली होती. पण तिला क्षयाने गाठले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचे निधन झाले. वय बावीसही पूर्ण नव्हते.

आनंदीबाईंना रोग कळत नव्हता, असे नाही. त्या स्वतः डॉक्टर होत्या. क्षयरोगाचा जंतूही तोवर सापडला होता. जर्मनीतील शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे तो शोध जाहीर केला होता. (म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन असतो.) पण जंतू मारणारे औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन हे या रोगावरचे पहिले गुणकारी औषध १९४३ साली सापडले. आनंदीबाईंना जाऊन तेव्हा छप्पन वर्षे झाली होती. ज्या औषधासाठी त्यांच्या घरच्यांनी काहीही दिले असते, त्याहून कितीतरी चांगल्या गोळ्या आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आपल्या गावात इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आहे, तसेच महानगरपालिकेचे दवाखाने आहेत. तपासणीलाही पैसे पडत नाहीत. उपचार चालू असेपर्यंत चांगल्या आहारासाठी सरकार दरमहा बँकेत पैसेही जमा करते. २०१८ साली ही रक्कम पाचशे रुपये होती. नोव्हेंबर २०२४ पासून ती हजार झाली आहे.

आता तपासणीविषयी. ही गोष्ट मराठीच्या तासाचीच आहे, बरे का! दवाखान्यात तुम्हाला सांगतात, "थुंकी आणा." तुमच्या घरी तोंडातल्या पाण्याला 'थूक' म्हणतात आणि छातीतून खाकरून निघणाऱ्या घट्ट पदार्थाला 'बलगम' म्हणतात. कानांना 'थुंकी' आणि 'थूक' सारखेच वाटतात. म्हणून पुष्कळ माणसे डबीत तोंडातले पाणी देऊन येतात. त्यात जंतू सापडणे कठीण. अहवाल चांगला येतो, घरी आनंद होतो आणि रोग छातीत तसाच राहतो. डॉक्टरांना खरा हवा असतो तो बलगम. मराठीत त्याला 'बेडका' म्हणतात. सकाळी उठल्यावर चूळ भरावी, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा आणि छातीतून खोकून जे निघेल ते डबीत द्यावे. हे उघड्या हवेत करावे, घरात नव्हे. डबीचे झाकण घट्ट लावावे. पूर्वी फक्त सूक्ष्मदर्शकातून पाहत असत. आता यंत्रावरही तपासणी होते. त्यांतले 'ट्रूनॅट' नावाचे यंत्र तर आपल्या शेजारच्या गोव्यातील कंपनीने बनवले आहे. जंतू आहेत की नाहीत हे ते तासाभरात सांगते आणि मुख्य औषध त्यांच्यावर चालेल का, हेही त्यावर तपासता येते.

रोग निघालाच, तर साधारणपणे सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन. त्यांतल्या एका औषधाने लघवी नारिंगी होते. पुष्कळ जण ते पाहून घाबरतात आणि गोळ्या फेकून देतात. ते रक्त नसते, औषधाचा रंग असतो. दुसरा घोटाळा याहून मोठा आहे. महिना-दीड महिन्यात खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते. माणसाला वाटते, झाले! पण चिवट जंतू अजून जिवंत असतात. गोळ्या मध्येच सोडल्या, तर रोग उलटतो आणि कधीकधी त्याच गोळ्यांना दाद देईनासा होतो. मग उपचार अधिक कठीण होतो. रमजानमध्ये गोळ्यांचे काय करायचे, हेही मुले मला विचारतात. आजारी माणसाला रोजाची सवलत आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. मनाने एकही दिवस गाळू नये.

सगळ्याच सूचनांना दोन आठवड्यांची मुदत नसते. छातीत जोराची कळ येऊन घाम सुटला, तोंड एका बाजूला वाकडे झाले, हात उचलेना किंवा श्वास घेता येईना, तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. तिथे मिनिटे मोजायची असतात.

त्या घरातून आम्ही तिघे सरकारी रुग्णालयात गेलो. खिडकीपाशी मी मुद्दाम मागे उभा राहिलो. मुलगा पुढे झाला आणि म्हणाला, "माझ्या वडिलांना तीन महिन्यांपासून खोकला आहे. त्यांचा बेडका तपासायचा आहे." आतल्या बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिले आणि केसपेपर काढून दिला.

अब्बांना क्षयच निघाला. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, तेव्हा सहा वर्षांच्या धाकट्या बहिणीच्या मानेच्या गाठीही त्याच रोगाच्या निघाल्या. सर्दीमुळे आल्या असतील, असे सर्वांना वाटत होते. दोघांनीही पूर्ण औषध घेतले. बहीण आता ठणठणीत आहे. अब्बांचा रोग गेला, पण फुप्फुसाचा जो भाग आधीच खराब झाला होता, तो परत आला नाही. ते पुन्हा मागावर जातात, मात्र पूर्वीइतके माग एकट्याने सांभाळत नाहीत. जिना चढताना मध्ये एकदा थांबतात.

मुलगा वर्गात परतला, तेव्हा त्याच्या मराठीच्या वहीच्या शेवटच्या पानावर पट्टीने आखलेले चौकोन होते. रोज सकाळी अब्बांनी आणि बहिणीने गोळ्या घेतल्या, की तो एका चौकोनात दोन फुल्या मारी. वही तपासताना मी त्या पानावरही सही करत असे.