कॉम्प्युटरला कळतात फक्त ० आणि १, मग चिप बनवणाऱ्यांना ९ किमती कशाला लागतात?

मंडळी, कॉम्प्युटरला फक्त ० आणि १ कळतं, हे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं. पण चिप डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरच्या कोडमध्ये एका वायरवर तब्बल ९ प्रकारच्या किमती असू शकतात! इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांना व्हीएचडीएलच्या प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावरच्या दोन ओळी आठवत असतील. आयट्रिपलई लायब्ररी आणि 'एसटीडी लॉजिक ११६४' पॅकेज वापरायचं, एवढंच त्या ओळी सांगतात. लॅबमध्ये त्या न विचारता टाइप केल्या जातात. त्यांच्यामागचं कारण मात्र भारी आहे.

अडचण काय होती?

व्हीएचडीएल ही चिपचं वर्णन करायची भाषा. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या प्रकल्पातून ती जन्मली आणि १९८७ मध्ये आयट्रिपलईचं स्टँडर्ड बनली. चिप कारखान्यात पाठवण्याआधी ती कशी वागेल हे कॉम्प्युटरवर तपासतात, त्याला सिम्युलेशन म्हणतात.

या भाषेतल्या 'बिट'मध्ये फक्त ० आणि १ होते, आणि काही सांगितलं नाही तर बिट ० पासून सुरू व्हायचा. खऱ्या चिपमध्ये वीज सुरू झाल्याक्षणी आत ० आहे की १, याची खात्री नसते. त्यामुळे इंजिनिअर रिसेट द्यायला विसरला तरी सिम्युलेशन छान चालायचं आणि चूक कळायची ती चिप हातात आल्यावर.

अ‍ॅपसारखं अपडेट पाठवून सिलिकॉन बदलता येत नाही. पेंटियम चिपच्या भागाकारात १९९४ मध्ये चूक सापडली. तिचं कारण वेगळं होतं, पण इंटेलला ४७.५ कोटी डॉलर्सचा फटका बसला.

प्रत्येकाची चूल वेगळी

मग कंपन्यांनी आपापली पॅकेजेस लिहिली. कुणाकडे ४ किमती, कुणाकडे ७. एकाचं डिझाइन दुसऱ्याच्या डिझाइनला जोडायचं तर भाषा एक असूनही जमेना. यावर उपाय म्हणून १९९३ मध्ये आयट्रिपलई ११६४ हे स्टँडर्ड आलं आणि सगळ्यांसाठी एकच यादी ठरली:

• यू: अजून काहीच दिलेलं नाही
• एक्स: ० की १, सांगता येत नाही
• ० आणि १: ठाम किमती
• झेड: वायर मोकळी सोडली आहे
• डब्ल्यू: एक्ससारखंच, पण कमजोर
• एल आणि एच: कमजोर ० आणि कमजोर १
• आडवी रेघ: काहीही असलं तरी चालेल

कमजोर म्हणजे काय? स्प्रिंगचं दार आठवा. कुणी धरलं नाही तर ते आपोआप बंद होतं, पण कुणी ढकललं की उघडतं. एल आणि एच तसेच, ठाम किंमत आली की माघार घेतात.

यादीत यू पहिला आहे, तोही मुद्दाम. किंमत न दिलेला सिग्नल व्हीएचडीएलमध्ये यादीतल्या पहिल्या किमतीने सुरू होतो. म्हणजे विसरलेला रिसेट आपोआप उघडा पडतो!

पॅकेजमध्ये असतं काय?

दोन भाग. पहिल्यात काय काय मिळेल त्याची घोषणा, दुसऱ्यात ते कसं चालतं त्याचे तक्ते. सर्वांत महत्त्वाचा तक्ता ९ गुणिले ९, म्हणजे ८१ चौकटींचा. एकाच वायरवर दोघांनी किंमत टाकली तर कुणाचं चालेल, हे त्यात बघायचं. ० आणि झेड आले तर ०. १ आणि एल आले तर १. ० आणि १ भिडले तर एक्स.

'अँड'चा तक्ताही असाच विचारी आहे. ० आणि एक्सचं उत्तर ० येतं, कारण एक्स काहीही निघाला तरी उत्तर बदलत नाही. १ आणि एक्सचं उत्तर मात्र एक्सच. जिथे खरंच माहीत नाही, तिथे पॅकेज अंदाज ठोकत नाही.

हे नियम प्रत्येक सिम्युलेटरमध्ये सारखेच असल्यामुळे एका कंपनीचं डिझाइन दुसरीकडेही तसंच वागतं.

तर मंडळी, सिम्युलेशनच्या स्क्रीनवर यू दिसला की सॉफ्टवेअरला नावं ठेवू नका. आधी रिसेट दिलाय का ते बघा. आणि लॅबमध्ये या दोन ओळी नुसत्या कॉपी करणारा तुमचा एखादा मित्र असेल, तर त्याला हे नक्की पाठवा!