पक्षी पाहण्यासाठी छोटी दुर्बीण निवडताना

पक्षीनिरीक्षणाच्या साधनांत दुर्बिणीला पहिले स्थान असले, तरी ती विकत घेताना बहुतेकांचे लक्ष पक्ष्यांकडे नसून पेटीवर छापलेल्या आकड्यांकडे असते, आणि त्यातून छोटी, खिशात किंवा पर्समध्ये मावणारी दुर्बीण हवी असेल तर निवड चुकण्याचा संभव आणखी वाढतो. आकार लहान करताना निर्मात्याला काही गुणांवर पाणी सोडावे लागते. ते कोणते, आणि आपण ज्या जागी, ज्या वेळी पक्षी पाहणार आहोत तिथे त्यांची किती गरज पडणार आहे, हे आधी समजून घेतले तर छोटी दुर्बीण उत्तम साथ देते. ते न समजता घेतलेली दुर्बीण पहिल्या दोन-चार फेऱ्यांनंतर कपाटात जाऊन पडते, आणि तिच्याबरोबर अनेकदा पक्षी पाहण्याची हौसही मावळते.

प्रत्येक दुर्बिणीवर ८×२५, ८×३२, १०×४२ अशी एक जोडी लिहिलेली असते. तिच्यातील पहिला आकडा विशालनाचा, म्हणजे वस्तू किती पट जवळ आल्यासारखी दिसेल ते सांगणारा, आणि दुसरा वस्तुभिंगाचा, म्हणजे पक्ष्याच्या बाजूला असणाऱ्या पुढच्या मोठ्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास होय. डोळ्याला लावायच्या मागच्या भागाला नेत्रिका म्हणतात. पक्षीनिरीक्षकांची नेहमीची पूर्ण आकाराची दुर्बीण ८×४२ किंवा १०×४२ असते आणि तिचे वजन साधारण ६५० ते ८०० ग्रॅम भरते. ३० किंवा ३२ मिमी भिंगांची मधल्या आकाराची दुर्बीण बहुधा ४५० ते ६०० ग्रॅमच्या दरम्यान, तर २५ मिमीच्या आसपासची खिशात मावणारी ३०० ग्रॅमच्या आगेमागे असते. ‘कॉम्पॅक्ट’ हा शब्द विक्रेते या शेवटच्या दोन्ही प्रकारांना सरसकट लावतात, पण पक्षी पाहताना या दोहोंत मोठेच अंतर पडते.

हे अंतर मुख्यतः प्रकाशाचे आहे. भिंग किती प्रकाश गोळा करते ते त्याच्या क्षेत्रफळावर ठरते आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ४२ मिमीचे भिंग २५ मिमीच्या भिंगाच्या जवळजवळ २.८ पट आणि ३२ मिमीचे भिंग सुमारे १.६ पट प्रकाश आत घेते. तथापि जमलेला सगळा प्रकाश डोळ्यात शिरतोच असे नाही. वस्तुभिंगाच्या व्यासाला विशालनाने भागले असता नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. त्याला निर्गम-वर्तुळ म्हणता येईल. ८×२५ मध्ये ते ३.१ मिमी, ८×३२ मध्ये ४ मिमी, ८×४२ मध्ये ५.२५ मिमी आणि १०×२५ मध्ये अवघे २.५ मिमी असते. लख्ख उन्हात माणसाच्या डोळ्याची बाहुली आक्रसून दोन-तीन मिलिमीटरची होते, म्हणून त्या वेळी ८×२५ मधून येणारा झोत तिला पुरून उरतो आणि मोठ्या दुर्बिणीचा जादा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो. उलट पहाटे, सांजवेळी किंवा घनदाट झाडीत बाहुली पाच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक विस्फारते (उतारवयात ती तितकी विस्फारत नाही), आणि तेव्हा ३.१ मिमीचा झोत तिला अपुरा पडून चित्र काळवंडते, तपशील विरतात, रंग ओळखू येत नाहीत.

महाराष्ट्रात या हिशोबाचे दोन्ही टोकांचे अनुभव येतात. हिवाळ्यात उजनी जलाशयाच्या भिगवणकडील पाणथळीत रोहित, पट्टकादंब किंवा चक्रवाक पाहायचे असतील, तर आठ वाजल्यानंतर तिथल्या उघड्या पाण्यावर इतका उजेड असतो की चांगल्या प्रतीची ८×२५ आणि ८×४२ यांच्यातला फरक दाखवून द्यावा लागतो. माळरानावरचे चंडोल, शिक्रा, निळकंठ, शेतातल्या तारांवरचे वेडे राघू, शेकाट्यांनी भरलेले गावतळे, या सगळ्यांना तेच लागू पडते, आणि वर्षातले सात-आठ महिने स्वच्छ उन्हाचे असणाऱ्या या प्रदेशात छोट्या दुर्बिणीला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र जूनमध्ये कोकणात विणीसाठी दिसू लागणारा तिबोटी खंड्या पाहायचा असेल तर चित्र पालटते. चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम तेरा-चौदा सेंटिमीटरचा हा पक्षी सावलीतल्या ओढ्याकाठी, मातीच्या दरडीत बीळ करतो. आभाळ भरलेले, वर झाडांचे छत, हवेत पाण्याचे कण, अशा वेळी त्याची नारिंगी-पिवळी छाती २५ मिमीच्या दुर्बिणीतूनही दिसते, पण पंखांवरचा गडद निळा रंग, मानेच्या बाजूचा पांढरा ठिपका आणि चोचीत बेडूक आहे की सरडा हे कळायला ३२ मिमीचे भिंग तरी लागते. पक्ष्यांची सर्वाधिक लगबग सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत असते, ही गोष्ट जमेस धरली म्हणजे सह्याद्रीच्या जंगलात वारंवार जाणाऱ्याने केवळ वजनासाठी २५ मिमीवर समाधान मानू नये, असेच म्हणावे लागते.

विशालनाच्या बाबतीत तर ग्राहकाची ओढ नेमकी उलट्या दिशेला असते. दहा पट हे आठ पटीपेक्षा चांगलेच असणार, असा समज सार्वत्रिक आहे. परंतु दुर्बीण पक्ष्याबरोबर हाताची थरथरही तितक्याच पटीने मोठी करते आणि हलकी, छोटी दुर्बीण हातात स्थिर धरणे जड दुर्बिणीपेक्षा अवघड असते. हलत्या होडीतून पाहताना हा दोष दुप्पट जाणवतो. शिवाय विशालन वाढले की दृष्टिक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणाऱ्या भागाची रुंदी, सहसा घटते. ही रुंदी १००० मीटर अंतरावर किती मीटर, अशा रीतीने सांगितलेली असते: १२० मीटर दृष्टिक्षेत्राच्या दुर्बिणीतून २० मीटरवरच्या झाडाचा २.४ मीटर रुंद तुकडा दिसतो, १४० मीटरच्या दुर्बिणीतून २.८ मीटर, आणि ९५ मीटरच्या दुर्बिणीतून फक्त १.९ मीटर. आकडे किरकोळ वाटतात, पण शेंड्याशेंड्यांवरून उड्या मारत जाणारा निखारांचा थवा किंवा पानापानांत हरवणारा सुभग पकडताना हाच हातभर फरक निर्णायक ठरतो. कमी प्रकाश, अधिक थरथर आणि अरुंद दृष्टिक्षेत्र हे तिन्ही दोष एकत्र येतात ते १०×२५ मध्ये, आणि पक्ष्यांसाठी ती घेऊच नये.

छोट्या दुर्बिणीची आणखी एक अडचण आकड्यांत सहज दिसत नाही. निर्गम-वर्तुळ जितके बारीक तितकी डोळ्याची जागा अचूक साधावी लागते. डोळा किंचित सरकला तरी चित्राच्या कडेला काळी चंद्रकोर उमटते किंवा सगळेच अंधारून जाते. खिशातल्या दुर्बिणींना बहुधा दोन बिजागऱ्या असतात, त्यामुळे घडी लहान होते, पण उघडताना दोन्ही नळ्यांतले अंतर दर वेळी पुन्हा जुळवावे लागते आणि तोवर पक्षी उडालेला असतो. म्हणून बाहेर पडताच ती उघडून, अंतर जुळवून गळ्यात अडकवावी. खिशात फक्त प्रवासापुरती ठेवावी. चष्मा असणाऱ्यांनी ‘आय रिलीफ’ हा आकडा सर्वांत आधी तपासावा. नेत्रिकेपासून डोळा जास्तीत जास्त किती दूर ठेवून पूर्ण चित्र दिसते ते अंतर म्हणजे आय रिलीफ. चष्म्यासाठी ते किमान १५ मिमी लागते आणि स्वस्त छोट्या दुर्बिणींत ते अनेकदा त्याहून बरेच कमी असते. चष्मा लावून पाहताना नेत्रिकेवरचे रबरी कप खाली फिरवून किंवा दुमडून घ्यावेत, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

दुर्बिणीच्या पोटात लोलक असतात, कारण भिंगांनी उलटे झालेले चित्र सुलटे करण्याचे काम त्यांच्याकडे असते. इटलीच्या इग्नात्सिओ पोरो याने १८५४ मध्ये ज्या लोलकरचनेचे पेटंट घेतले, तिच्यावर आधारलेल्या द्विनेत्री दुर्बिणी जर्मनीतील झाइस कंपनीने १८९४ पासून बाजारात आणल्या. दोन्ही बाजूंना खांदे असलेली जुनी दुर्बीण ती हीच. छोट्या आकारासाठी हीच रचना उलटी बसवतात, तेव्हा वस्तुभिंगे जवळजवळ येतात आणि नेत्रिका दूर राहतात. दुसरा प्रकार ‘रूफ’ लोलकांचा. त्यात नळ्या सरळ आणि सडपातळ असतात. या लोलकांत प्रकाशाचे दोन भाग होऊन पुन्हा एकत्र येताना त्यांच्या लहरींत अंतर पडते आणि चित्राची धार बोथट होते, म्हणून त्यांवर ‘फेज कोटिंग’ नावाचा लेप द्यावा लागतो. तो झाइसने १९८८ मध्ये प्रथम आणला. नेहमीच्या रूफ लोलकाच्या एका पृष्ठभागाला आरशासारखा परावर्तक लेपही लागतो. पोरो रचनेला या दोन्ही खर्चांची गरज नसल्याने थोड्या पैशांत अधिक स्पष्ट चित्र उलट्या पोरोतून मिळते. ज्याची ऐपत मर्यादित आहे त्याने रूपाला न भुलता तीच घ्यावी, फक्त तिच्यातले बरेच नमुने पाण्यापासून सुरक्षित नसतात हे ध्यानात ठेवावे.

भिंगांवरचा लेप हा विषय विक्रेत्यांच्या तोंडी सतत असतो. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून काही प्रकाश परत फिरतो, तो रोखण्यासाठी हे पातळ थर असतात, आणि सर्व पृष्ठभागांवर एकाहून अधिक थर असतील तर तिला ‘फुली मल्टिकोटेड’ म्हणतात. याहून कमी प्रतीचे काही स्वीकारू नये. लालभडक चमकणारी भिंगे मात्र टाळावीत, कारण ती लाल प्रकाश परतवून लावतात आणि पक्ष्यावर हिरवट छटा चढते. किमती काही हजारांपासून लाखाच्या पुढे जातात. सुरुवातीच्या टप्प्यात वाढवलेला प्रत्येक हजार डोळ्यांना दिसतो, वरच्या टप्प्यात तो फरक कडांच्या स्पष्टतेपुरता आणि टिकाऊपणापुरता उरतो.

पर्यटनस्थळांवर ‘३०×६०’ वगैरे छापलेल्या, मुठीत मावणाऱ्या ज्या दुर्बिणी मिळतात त्यांचे वस्तुभिंग मोजले तर २५ मिमीसुद्धा भरत नाही. ही पारख कोणालाही करता येते. दुर्बीण हातभर दूर धरून, उजळ आकाशाकडे रोखून नेत्रिकेकडे पाहिले की तिच्यात प्रकाशाचा एक लहान ठिपका दिसतो, तेच निर्गम-वर्तुळ. पट्टीने त्याचा व्यास मोजावा, मग वस्तुभिंगाचा मोजावा आणि दुसऱ्याला पहिल्याने भागावे, म्हणजे खरे विशालन हाती येते. तो ठिपका स्वच्छ गोल असावा. त्याच्या कडा चौकोनी कापल्यासारख्या आणि राखी दिसल्या तर लोलक हलक्या काचेचे आहेत असे समजावे. नंतर दूरची एखादी तार किंवा पाटी दोन्ही डोळ्यांनी मिनिटभर पाहावी. दोन वर्तुळे एकत्र न येता डोळ्यांवर ताण आला तर नळ्या समांतर नाहीत, आणि अशी दुर्बीण कितीही स्वस्त असली तरी परत करावी. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा नसतो, म्हणून उजवे वस्तुभिंग तळहाताने झाकून डाव्या डोळ्यासाठी मधल्या चाकाने फोकस करावा, मग डावे झाकून उजव्या नेत्रिकेजवळचे डायॉप्टरचे कडे फिरवावे. काही नमुन्यांत हे कडे अन्यत्र असते. हे एकदाच करायचे असते, पण ते न केल्यामुळे चांगल्या दुर्बिणीही नाहक नावे ठेवून घेतात.

कोकणात आणि घाटमाथ्यावर दुर्बिणीचा खरा शत्रू बुरशी आहे. आत नायट्रोजन भरून रबरी कड्यांनी बंद केलेल्या दुर्बिणीत बाष्प शिरत नाही, त्यामुळे आतून धुके धरत नाही आणि बुरशीलाही थारा मिळत नाही; पावसाळ्यात हिंडणाऱ्याने यासाठी थोडे अधिक पैसे मोजणे शहाणपणाचे. तसे नसेल तर झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ती ठेवावी. वातानुकूलित गाडीतून दमट हवेत उतरताच भिंगांवर बाहेरून जमणारे बाष्प आपोआप उडू द्यावे, शर्टाच्या टोकाने पुसू नये.

फुलपाखरांचीही आवड असेल तर जवळात जवळ किती अंतरावर फोकस होतो ते पाहावे. चांगल्या छोट्या दुर्बिणी दोन मीटरपर्यंत येतात, आणि पेंटॅक्स पॅपिलिओ तर अर्ध्या मीटरवरचे नीलवंत फुलपाखरू पंखांवरच्या खवल्यांच्या पोतासह दाखवते. तिची २१ मिमीची भिंगे जंगलातल्या पक्ष्यांसाठी मात्र अपुरी आहेत.

ज्याला एकच दुर्बीण घ्यायची आहे त्याने ८×३० किंवा ८×३२ घ्यावी. ८×२५ ही मुख्यतः उघड्यावर पक्षी पाहणाऱ्यांनी, मानेच्या दुखण्यामुळे वजन न पेलणाऱ्यांनी, किंवा घरी मोठी दुर्बीण असून रोज कामावर जाताना एक जवळ बाळगू इच्छिणाऱ्यांनी. मात्र नळ्यांमधले अंतर आणि हाताची पकड हे ज्याचे त्यालाच जुळावे लागते, आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ते कळत नाही. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो आणि गावोगावी पक्षीनिरीक्षणाच्या सहली निघतात. खरेदीपूर्वी अशा एखाद्या सहलीला जावे, इतरांच्या गळ्यातल्या दोन-तीन दुर्बिणी मागून घेऊन झाडाच्या सावलीतला एकच पक्षी त्यांतून पाहावा, आणि मगच पैसे खर्च करावेत.